प्रेअरीची मुळी आणि घरातली बाटली

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. तो आमच्या मोठेपणाचा नाही. किंबहुना आमच्या गलथानपणाचाच आहे. तथापि घरगुती औषधांविषयी दरमहा चार शब्द लिहिण्याचे काम ज्याने पत्करले, त्याने स्वतःची चूक तेवढी झाकून ठेवावी, हे न्यायाचे नव्हे. म्हणून तो प्रसंग जसा घडला तसा वाचकांपुढे ठेवितो.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेत नोकरीस असतो. तो सुटीत सहकुटुंब घरी आला, तेव्हा बदाम, चॉकलेटे आणि मुलांच्या खेळण्यांबरोबर त्याने तपकिरी काचेची एक बाटलीही आणिली. बाटलीवर जांभळ्या पाकळ्यांच्या एका फुलाचे चित्र होते. "काका, घरात कोणाला ना कोणाला पडसे चालूच असते, म्हणून हे आणले. तिकडे पुष्कळ लोक घेतात. इम्युनिटी वाढते, आणि झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?" असे म्हणून त्याने ती आमच्या हाती दिली. बाटलीवर नाव होते 'एकिनेशिया'.

आमच्या थोरल्या वहिनींना गेली कित्येक वर्षे सांध्यांचा दुर्धर विकार आहे. थंडी पडली की त्यांना पडसे धरते आणि ते पंधरा पंधरा दिवस हटत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढे बारीक इंग्रजी मला कुठले दिसायला? तुम्ही वाचून सांगा. तुम्ही म्हणाल तर घेते."

आम्ही बाटली हातात घेतली आणि पडलो शब्दाच्या मागे! एकिनेशिया हे नाव ग्रीक 'एकिनोस' या शब्दावरून आले आहे, त्या शब्दाचा अर्थ अंगावर काटे असलेला एक लहान प्राणी, आणि फुलाच्या मधला काटेरी उंचवटा पाहून हे नाव पडले, इतके सर्व आम्ही घरातील मंडळींस मोठ्या उत्साहाने सांगितले. व्युत्पत्ती सांगून झाली. बाटलीची पाठ पाहावयाची मात्र राहिली. "घ्या, वनस्पतीच आहे," असे आम्ही बोलून गेलो, आणि वहिनींनी त्या रात्रीपासून थेंब घेण्यास आरंभ केला.

तिसऱ्या दिवशी आमच्या आळीतील डॉक्टर सहज आले. ते एके काळचे आमचे विद्यार्थी. त्यांनी टेबलावरची बाटली उचलली, उलटी फिरविली आणि विचारले, "मास्तर, हे कोण घेते आहे?" वहिनींचे नाव ऐकताच त्यांचा चेहरा गंभीर झाला. पाठीमागच्या बारीक अक्षरांत स्पष्ट छापलेले होते की, ज्यांच्या शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच शरीरावर उलटली आहे अशा रोग्यांनी वैद्याच्या अनुमतीवाचून हे घेऊ नये. वहिनींचा सांध्यांचा विकार नेमका त्याच जातीचा. त्यासाठी त्या दर आठवड्यास मेथोट्रेक्सेटची गोळी घेतात, आणि त्या गोळीचे कामच मुळी ती उधळलेली शक्ती आवरून धरण्याचे. डॉक्टर म्हणाले, "एकीकडे लगाम ओढावयाचा आणि दुसरीकडे टाच मारावयाची, असे हे झाले. मास्तर, प्रश्नपत्रिका दोन्ही बाजूंनी वाचा, असे तुम्हीच आम्हांला सांगत होता ना?"

बाटली बंद झाली. सुदैवाने वहिनींना काही अपाय झाला नाही, आणि त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यामुळेच आम्हांस अधिक लागले. मग आम्ही त्या वनस्पतीचा इतिहास मिळेल तेथून वाचून काढिला. तो वाचताना असे दिसून आले की, जी चूक आम्ही आमच्या ओसरीवर केली तीच या वनस्पतीच्या वाट्यास गेली दीडशे वर्षे येत आहे. तिची कीर्ती हातोहात पुढे जात राहिली. परंतु कोणती जात, कोणता भाग, कोणत्या विकारावर आणि कोणास, हे चार प्रश्न वाटेत एकेक करून गळत गेले.

प्रथम तिचे स्थान पाहू. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, पूर्वेस मिसिसिपी नदी आणि पश्चिमेस रॉकी पर्वत यांच्या दरम्यान, कॅनडापासून टेक्ससपर्यंत गवताळ मैदाने पसरलेली होती. त्यांस प्रेअरी म्हणतात. पूर्वेकडे पाऊस अधिक, म्हणून गवत पुरुषभर उंच. पश्चिमेकडे कोरडे हवामान, म्हणून गवत आखूड. उन्हाळ्यातील अनावृष्टी, हिवाळ्यातील बर्फ, वणवे आणि गव्यांसारख्या बायसन पशूंचे प्रचंड कळप, या सर्वांना तोंड देऊन जी झाडे तेथे टिकली त्यांनी आपला संसार जमिनीखाली थाटिला. म्हणूनच त्या प्रदेशातील औषधी वनस्पतींत मुळीचे महत्त्व मोठे. एकोणिसाव्या शतकात पोलादी नांगर आला आणि हे रान गहू-मक्याच्या शेतांखाली गेले. उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज शेकडा ४ भागही शिल्लक उरलेली नाही.

एकिनेशिया ही या मैदानांतील एक रहिवासी. तिचे कुल आपल्या ओळखीचे आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सर्व त्याच कुलातील. तिच्या अनेक जाती आहेत. परंतु औषधात प्रामुख्याने तीन येतात. पहिली अरुंद पानांची, अंगुस्टिफोलिया; ही कोरड्या, खडकाळ माळावर फूट-दीड फूट वाढते आणि तिचे सोटमूळ सरळ खोल जाते. दुसरी पुर्पुरिया, ही पूर्वेकडील ओलसर भागांत आणि विरळ रानांत उगवते, तीन-चार फूट उंच होते आणि हिच्या मुळ्या तंतुमय असतात. तिसरी फिकट लोंबत्या पाकळ्यांची, पॅलिडा. या तिघी बहिणी खऱ्या. परंतु बहिणी म्हणजे एकच व्यक्ती नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या मैदानांतील मूळ रहिवाशांना ही मुळी फार जुन्या काळापासून ठाऊक होती. मेल्विन गिल्मोर नावाच्या संशोधकाने मिसूरी नदीच्या खोऱ्यातील वृद्ध लोकांस विचारून त्यांच्या वनस्पतिज्ञानाचा एक ग्रंथ सिद्ध केला. तो १९१९ साली प्रसिद्ध झाला. अरुंद पानांच्या एकिनेशियाविषयी त्यात बरीच माहिती आहे. सर्पदंश आणि इतर विषारी दंश यांवर ही मुळी सर्वत्र वापरीत. दाढदुखीवर ती चावीत. गालगुंडासारख्या गाठींवर तिचा उपयोग करीत. भाजलेल्या जागी तिचा रस लावीत. डोके दुखत असल्यास तिची धुरी देत. घोड्यांच्या आजारातही तीच धुरी. तापलेल्या दगडांवर पाणी घालून वाफ घेण्याचा जो त्यांचा संस्कार असे, त्या वेळी उष्णता सहन व्हावी म्हणूनही तिचा रस अंगास लावीत. विनेबागो जातीचा एक मनुष्य ही मुळी वापरून तोंड बधिर करी आणि लोकांस चमत्कार दाखविण्यासाठी जळता निखारा तोंडात धरी, असेही त्या ग्रंथात नमूद आहे. ओमाहा लोक तर तिच्या वाळलेल्या काटेरी बोंडाने केस विंचरीत. त्यांच्या भाषेतील तिच्या नावातच फणीचा अर्थ आहे. शायेन आणि कायोवा या जमातींतही तोंड येणे, घसा धरणे, खोकला यांवर मुळी चावण्याची चाल होती.

हे वाचताना आम्हांस आमच्या आजीच्या फडताळातील अक्कलकाऱ्याची आठवण झाली. दाढ ठणकू लागली की आजी अक्कलकाऱ्याचा लहानसा तुकडा दाढेखाली धरावयास देई. क्षणात जिभेस मुंग्या येत, तोंडास पाणी सुटे आणि दाढ बधिर होई. एकिनेशियाची ताजी मुळी चावली असता अगदी असेच होते. हा योगायोग नव्हे. दोन्ही वनस्पती एकाच कुलातील, आणि दोहोंत आल्किलअमाइड या एकाच वर्गाची द्रव्ये आहेत. जिभेस येणाऱ्या मुंग्या त्यांच्यामुळेच. पृथ्वीच्या दोन टोकांस, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या लोकांनी, एकाच दुखण्यावर एकाच कुलातील मुळी शोधून काढावी, यात मनुष्याच्या निरीक्षणशक्तीचा केवढा गौरव आहे! प्रेअरीवरील त्या माणसांस रसायनशास्त्र अवगत नव्हते. परंतु कोणती मुळी, केव्हा खणावी, कोठे लावावी आणि किती चावावी, हे त्यांस पक्के अवगत होते. आणखी एक गोष्ट पाहावी. गिल्मोरच्या या नोंदीत, पडसे होऊ नये म्हणून निरोगी माणसाने नित्य घ्यावयाचे औषध, असा उल्लेख कोठेच नाही. दुखण्यापुरती मुळी, आणि दुखणे संपले की मुळी संपली.

यापुढचा इतिहास निराळा आहे. नेब्रास्का संस्थानात पॉनी सिटी नावाचे गाव आहे. ज्या पॉनी लोकांचे नाव त्या गावास मिळाले त्यांस १८७०च्या दशकात आपली भूमी सोडून दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. गावाचे नाव राहिले, माणसे गेली. त्याच गावी मायर नावाचा एक जर्मन वंशाचा औषधविक्या रक्तशुद्धीचे औषध म्हणून एक अर्क विकीत असे. ही मुळी त्यास मूळ रहिवाशांकडून समजली, असे सांगतात. तिच्या अर्काने त्याने विषमज्वरापासून सर्पदंशापर्यंत बहुतेक सर्व रोग बरे होतात, असा डांगोरा पिटला. १८८५च्या सुमारास त्याने वनस्पतीची ओळख पटविण्यासाठी ती सिनसिनाटी येथील वैद्य जॉन किंग आणि औषधिशास्त्रज्ञ जॉन युरी लॉइड यांच्याकडे पाठविली. आपण स्वतः तेथे येऊन खुळखुळ्या सापाकडून दंश करवून घेतो आणि याच औषधाने बरा होऊन दाखवितो, असेही त्याने कळविले! त्या दोघा सभ्य गृहस्थांनी हा देखावा नाकारिला, हे त्यांस भूषणावह होय. परंतु वनस्पती त्यांनी तपासली, आणि १८८७ साली किंग यांनी वैद्यांस तिची ओळख करून दिली. वनस्पतींवर भर देणाऱ्या एक्लेक्टिक नामक वैद्यपंथात ती पुढे तीसचाळीस वर्षे अतिशय लोकप्रिय झाली.

याउलट अमेरिकन वैद्यक संघाच्या औषधसमितीने १९०९ साली, या दाव्यांस पुरेसा आधार नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. तरीही १९१६ ते १९५० पर्यंत ही मुळी तेथील राष्ट्रीय औषधसूचीत होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही या मुळीचे भक्त आणि टीकाकार दोघेही होते. आजचा वाद नवा नाही.

येथे थोडे थांबून सर्पदंशाविषयी एक गोष्ट स्वच्छ सांगणे अवश्य आहे. कारण 'या मुळीने साप उतरतो' हे वाक्य वाचून कोणाच्याही मनात किंतु राहू नये. एकिनेशियाने किंवा दुसऱ्या कोणत्याही मुळीने सापाचे विष उतरत असल्याचे सिद्ध झालेले नाही. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात; विषारी सापही कित्येकदा दंशात विष सोडीत नाही. असा रोगी कोणत्याही मुळीने 'बरा' होतो, आणि यश मुळीच्या पदरी पडते. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० , असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे प्रतिविष तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे त्या कामातील नाव सर्वश्रुत आहे. म्हणून दंश झाल्यावर मुळी उगाळीत बसू नये, चिरू नये, आवळून बांधू नये. रोग्यास धीर देऊन, दंशाचा अवयव न हलविता, तडक रुग्णालयात न्यावे. एक तास मुळीत गेला, तर तो परत मिळत नाही.

आता पुन्हा आपल्या बाटलीकडे वळू. अमेरिकेतील ही मुळी पडशाचे औषध म्हणून जगभर कशी गेली? १९३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील गेरहार्ड माडाउस यांनी अमेरिकेतून हिचे बी आणविले. त्यांस हवी होती अरुंद पानांची जात, जिची कीर्ती झाली होती ती. पेरल्यावर उगवली मात्र पुर्पुरिया! त्यांनी तिचीच लागवड केली, आणि तीही मुळीसाठी नव्हे. फुलोऱ्यावर आलेल्या झाडाच्या वरच्या भागाचा रस काढून त्यांनी औषध केले. वाचकहो, पाहा. प्रेअरीवरील माणसांची जात अंगुस्टिफोलिया, येथे पुर्पुरिया. त्यांचा भाग मुळी, येथे पानफूल. त्यांचे विकार दंश, दाढ आणि घसा, येथे पडसे. तीन गोष्टी बदलल्या आणि एक नाव तेवढे कायम राहिले. तरी बाटल्यांवर, शेकडो वर्षांच्या परंपरेने सिद्ध, असे छापावयास कोणी कचरत नाही! जर्मनांचे औषध वाईट होते, असे आमचे म्हणणे नाही. ते निराळे होते, एवढेच.

याहून मासलेवाईक गोष्ट पुढे आहे. पुर्पुरियाच्या मुळीत पार्थेनियम इंटेग्रिफोलियम नावाच्या दुसऱ्याच एका प्रेअरी-वनस्पतीच्या मुळीची भेसळ होत असल्याचे १९८०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी उघडकीस आणिले. एकिनेशियाची म्हणून शोधलेली काही द्रव्ये वस्तुतः त्या भेसळीच्या मुळीतील निघाली. हे पार्थेनियम कोण, असे कोणी विचारील, तर आपल्याकडील गाजरगवताची ती सख्खी बहीण. गाजरगवतही मूळचे अमेरिका खंडातील. १९५५च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अंगास खाज आणि चट्टे उठतात, कित्येकांस दमाही लागतो, हे आपण सर्व जाणतो. एकिनेशियाही याच कुलातील. तेव्हा गाजरगवत, शेवंती किंवा झेंडू यांनी ज्यांच्या अंगावर पित्त उठते, त्यांनी एकिनेशियाच्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे.

बरे, पडशावर तिचा उपयोग होतो का? अलीकडे याची परीक्षा शास्त्रीय रीतीने झाली आहे. निम्म्या लोकांस खरे औषध द्यावयाचे, निम्म्यांस तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य, आणि कोणास काय दिले हे देणारास व घेणारास दोघांसही कळू द्यावयाचे नाही, अशी ही रीत. २००३ साली २ ते ११ वर्षे वयाच्या ४०७ मुलांवरील परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुर्पुरियाचा रस घेणाऱ्या मुलांचे पडसे नऊ दिवस टिकले. न घेणाऱ्यांचेही नऊच दिवस. मात्र रस घेणाऱ्यांत अंगावर पुरळ उठण्याचे प्रमाण शेकडा ७.१ होते, तर न घेणाऱ्यांत शेकडा २.७. २००५ साली सुमारे ४०० तरुणांच्या नाकात मुद्दाम पडशाचे विषाणू घालून अंगुस्टिफोलियाच्या मुळीची परीक्षा झाली. म्हणण्याजोगा गुण दिसला नाही. २०१० साली ७१९ लोकांवरील परीक्षेत पडसे सुमारे अर्धा दिवस कमी झाल्यासारखे वाटले; पण तो फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतका अल्प होता. २०१४ साली अशा २४ परीक्षा आणि त्यांतील ४,६३१ माणसे यांचा एकत्र विचार झाला. त्यावरून, झालेले पडसे बरे करण्यास हिचा उपयोग सिद्ध होत नाही. काही प्रकारांनी पडसे टाळण्यास किंचित साह्य होत असेल, असा निर्णय निघाला. याचे एक कारण असे की, प्रत्येक परीक्षेतील औषध निराळे. जात निराळी, भाग निराळा, अर्क काढण्याची रीत निराळी. नाव तेवढे एक.

तात्पर्य, निरोगी प्रौढ मनुष्याने खात्रीचे औषध थोडे दिवस घेतले, तर बहुधा अपाय होत नाही, गुणही बेताचाच. युरोपातील औषध-नियामक संस्था हे औषध सलग दहा दिवसांहून अधिक घेऊ नये असे सांगते, आणि बारा वर्षांखालील मुलांस ते देऊ नये असा तिचा सल्ला आहे. ब्रिटनच्या औषधखात्यानेही २०१२ साली मुलांविषयी हाच इशारा दिला. ज्यांची संरक्षक शक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे असे रोगी, मूत्रपिंडादी अवयवांचे रोपण झालेले, कर्करोगावर औषधोपचार घेणारे, रक्तातील पांढऱ्या पेशींचा विकार असलेले आणि क्षयासारखा वाढता रोग असलेले, या सर्वांस ते वर्ज्य मानिले आहे. दमा किंवा अंगावर पित्त उठण्याची प्रकृती असलेल्यांनी आणि गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते डॉक्टरांस विचारल्याखेरीज घेऊ नये. शिवाय काही अर्क मद्यार्कात उतरविलेले असतात. घरातील कोणास ते चालत नसेल, तर तेही पाहावे.

"पण संरक्षण वाढले तर त्यात वाईट काय?" असे आमच्या सूनबाईंनी विचारिले. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर वहिनींच्या बोटांकडे पाहिले म्हणजे मिळते. घराचा राखणदारच घरच्या माणसांवर काठी उगारू लागला, तर त्यास अधिक खुराक देऊन काय उपयोग? अशा घरात तो शांत राहील तेवढे बरे. इम्युनिटी वाढविणे हे शब्द हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी झाले आहेत. परंतु ती कोणाची, किती आणि कशासाठी वाढवावयाची, हे पाहिल्यावाचून ते शब्द निरर्थक आहेत.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात असा विचार आहे की, गुराखी, मेंढपाळ आणि रानात राहणारे लोक औषधींस नावाने आणि रूपाने ओळखतात; परंतु नाव आणि रूप कळले म्हणजे त्यांचा योग्य उपयोग कळला, असे होत नाही. शाळेत हा भाग आम्ही अनेकदा समजावून सांगितला असेल. तो सांगताना आमच्या मनात नेहमी असे की, नावरूपावर थांबणारा तो अडाणी, आणि उपयोग जाणणारा तो आपल्यासारखा शिकलेला. आता वाटते, प्रेअरीवर नेमके उलट झाले. तेथील रानातल्या माणसांस उपयोग ठाऊक होता. नावावर आणि चित्रावर भुलले ते शिकलेले. त्या रात्री ओसरीवर नाव सांगत बसलेलो आम्ही होतो.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींस आमची विनंती आहे. कोणतीही औषधी वनस्पती, मग ती अमेरिकेच्या बाटलीतून येवो की आपल्या परसातून, घरात आली की चार प्रश्न विचारावे. ही नक्की कोणती जात? हिचा कोणता भाग? हे कोणत्या विकारावर आणि किती दिवस? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा: आपल्या घरातील कोणास हे चालणार नाही? एकत्र कुटुंबात हा शेवटचा प्रश्न विशेष अगत्याचा. एकाच छताखाली दोन वर्षांचे मूल असते, गर्भवती सून असते, गोळ्यांवर असलेल्या वृद्ध जाऊबाई असतात. आणि बाटली मात्र सर्वांसाठी एकच, फडताळात उघड्यावर असते. जे औषध एकास निरुपद्रवी, ते दुसऱ्यास घातक ठरू शकते. डॉक्टरांनी विचारिले म्हणजे काढे, चूर्णे आणि परदेशी बाटल्या यांचीही नावे सांगावी; "ते काय, घरगुतीच आहे" म्हणून ती गाळू नयेत.

आमच्या घरी आता एक नियम झाला आहे. कोणतेही नवे औषध आले की ते प्रथम वहिनींच्या हाती जाते. त्या चष्मा लावितात, भिंग घेतात आणि आधी बाटलीची पाठ वाचावयास बसतात. अडले तर नातीस विचारितात. परवा पुतण्याचा फोन आला असता त्या त्यास म्हणाल्या, "अरे, आणलेस ते प्रेमाने आणलेस, त्यात तुझे काही चुकले नाही. पुढच्या वेळी मात्र काय आणतोस ते आधी कळव. भाऊजी नाव वाचतील, मी पाठ वाचेन."

यावर आम्ही काही बोललो नाही. बोलावयास जागाच नव्हती.